पिस्ताची वाटी कोण संपवतं

४ ऑक्टोबर, सांगली
पिस्ता खिडकीत उडी मारायला गेला आणि मध्येच पडला. मग तोंड उघडं टाकून धापा टाकत बसला. मांजर असं करत नाही. अभय म्हणाला, उकाडा आहे. माझ्या नवऱ्याला सगळीकडे उकाडाच दिसतो. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. पिस्ता त्यांचा एवढा लाडका, म्हणून नवल वाटलं.

६ ऑक्टो.
डॉक्टरांनी छातीला नळी लावली तर हे महाशय घुरघुरायला लागले. ठोके ऐकू येईनात. बेसिनचा नळ सोडला तेव्हा घाबरून गप्प. ठोक्यात जादा आवाज आहे म्हणे. पर्शियन मांजरांत रक्तातूनच येतं कधी कधी. हृदयाच्या इकोला पुण्याला जा म्हणाले.
रक्तातून! म्हणजे साताऱ्याचा तो माणूस. पिल्लू देताना "आईबाप एकदम ठणठणीत, मॅडम," असं सारखं म्हणत होता, मी न विचारता. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

७ ऑक्टो.
साताऱ्याला फोन. पिस्ताचा बाप कुठाय?
"गावाकडं दिलाय, मॅडम. वडूजला."
पर्शियन बोका वडूजच्या उन्हात काय करतो? मेला असणार. हार्टनंच.

९ ऑक्टो.
पिस्ताचा सख्खा भाऊ विट्याला आहे. त्याची मालकीण म्हणाली, "आवं, त्यो लय उंडारतोय. कपाटावरनं खाली येत न्हाई." मग आमचाच का असा?
साताऱ्यानं बापाचा फोटो पाठवलाय. बाजेवर लोळतोय. फोटो जुना असेल.

१३ ऑक्टो.
पुणे. साताऱ्यापुढचं खंडाळा येईपर्यंत पिस्ता धापा टाकत होता आणि मी रडत होते.
इको झाला. डॉक्टरबाई म्हणाल्या, वंशाचा आजार असता तर हृदयाची भिंत बहुधा जाड दिसली असती. याची पातळ, सैल झालीय. "खायला काय घालता?" म्हटलं, विकतचं, माशाचं. मांस-मासळीतलं टॉरिन मिळालं नाही तर मांजराचं हृदय असं होतं म्हणे. "घरी मांसाहार चालतो?" म्हटलं, आम्ही जैन, पण याची वाटी मागच्या पडवीत वेगळी असते. बाईंनी अशी नजर टाकली, जणू मीच खोटं बोलतेय.
गोळ्या आणि टॉरिनची पावडर. सुधारेल? "बघू. खाणं मात्र चुकवू नका."

१४ ऑक्टो.
रोज सकाळी मी वाटी भरून शाळेत शिकवायला जाते. संध्याकाळी वाटी लख्ख. दिवसभर घरी फक्त आई, म्हणजे सासूबाई.
आज लवकर आले. पडवीच्या भिंतीवर गल्लीतली काळी मांजर. केवढी गुबगुबीत झालीय! अंगावर काय चमक! आणि खाली आई पिस्तासाठी दूधभात कालवत होत्या.
विचारलं. लपवलं नाही त्यांनी.
"अगं, गेल्या चातुर्मासात सुरू केलं. मुक्या जिवालाबी पुण्य लागंल म्हटलं. मग त्यालाच गोडी लागली. मी कशाला मोडू?"
"आणि त्याचं खाणं?"
"काळीला घालते. पळीनं, हात न लावता. ती कुठं आपल्या घरातली हाय?"
मी ओरडले. तुम्ही त्याला मारताय, असं म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यामुळे राग गेला नाही, उलट वाढला.

२२ ऑक्टो.
पावडर मी स्वतः घालते. पण दुपारचं काय? आई म्हणतात, "घालते की त्यालाच." वर्गात लक्ष लागत नाही. घरी आल्या आल्या पिस्ताचं तोंड हुंगते. जैनाघरची सून, माशाचा वास शोधतेय! काल आला. आज नाही. काळी भिंतीवर आहेच.
अभय म्हणतो, आईवर विश्वास ठेव. ठेवते. पण हुंगणार.

२५ ऑक्टो.
मधल्या सुट्टीतच घरी आले. वाटी रिकामी. पळी खुंटीला, कोरडी. आई मोरीत हात धूत होत्या, पुन्हा पुन्हा साबण लावून. त्यांचा हात धरला आणि नाकाशी नेला.
मासा. जन्मात अंड्याला न शिवलेला हात.
"कुणाला घातलंत, आई?"
त्यांनी हात सोडवून घेतला. "हुंग की त्याचं तोंड. रोज हुंगतीस तसं."
पिस्ता कपाटाखाली जाऊन बसला होता. हाका मारल्या, आला नाही. भिंतीवर काळी जिभल्या चाटत होती.