पिकअपची वायरिंग आणि नागसेनचे नाव

मी, रुपराव सीताराम ठवकर, वय अडुसष्ट, राहणार हुडकेश्वर, नागपूर, पूर्वीचा धंदा पिकअप गाडीने रोपांची वाहतूक, हे मृत्युपत्र माझ्या ओट्यावर बसून, सकाळच्या उजेडात, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. डोके मात्र ठिकाणावर आहे आणि तसे डॉ. कामिनी वैरागडे यांनी तपासून लिहून दिले आहे. मला कोणी दटावलेले नाही की कोणी गोड बोलून बसवलेले नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्यामागे खालीलप्रमाणे व्हावे.

कलम १. हुडकेश्वर येथील राहते घर आणि बँकेतील ठेव माझा मुलगा धर्मेंद्र आणि मुलगी अपेक्षा यांना निम्मे निम्मे. घराची रस्त्याकडची खोली यातून वगळली आहे, तिच्याविषयी कलम ५ पाहावे. धर्मेंद्र पुण्याला असतो आणि दर दिवाळीला "बाबा, ती गाडी भंगारात टाका" असे म्हणतो. माझा त्याच्यावर राग नाही. तो त्या गाडीत फारसा बसलाच नाही.

कलम २. माझी दिवंगत पत्नी इंदूबाई हिच्या साड्या, पोत आणि पितळी डबे अपेक्षाला. निळ्या काठाची साडी कोणाला देऊन टाकू नये, एवढीच विनंती.

कलम ३. माझी पिकअप गाडी अपेक्षाला. ती चालवते, आणि माझ्यापेक्षा सावकाश चालवते. पण ही गाडी घेणाऱ्याने तिची हकीकत माहीत करून घेतली पाहिजे, म्हणून लिहितो.

गाडी २००९ साली घेतली. मौद्याकडच्या एका रोपवाटिकेतून मी झेंडू, गुलाब, जास्वंद, कण्हेर अशी रोपे भरायचो आणि धरमपेठेतल्या बंगल्यांत, गच्च्यांवर पोचवायचो. पहिले वर्षभर गाडी गुणाची होती. त्यानंतर तिच्या विजेत बिघाड सुरू झाला. चालता चालता काटे शून्यावर यायचे, हॉर्न मुका व्हायचा आणि इंजिन एक उसासा टाकून बंद पडायचे. पाहावे तर फ्यूज उडालेला. नवा बसवला की चार दिवस बरे, कधी महिनाभर, की पुन्हा तेच.

इंदू बहुतेक फेऱ्यांना सोबत असायची. तिला रोपे आवडायची. गाडी थांबली की मी बॉनेट उघडायचो आणि ती म्हणायची, "अजी, थकली असंन ते. बसा जराशे." मग आम्ही बसायचो. समोर मौद्याच्या वीजकेंद्राचा पांढरा धूर आभाळात जाऊन ढग व्हायचा. त्यातला कोणता ढग धुराचा आणि कोणता खरा, हे ती बोटाने दाखवायची आणि दोन मिनिटांनी तिलाच ओळखू यायचे नाही. गाडीत झेंडू भरलेला असला की मागून पिवळी फुलपाखरे येत. गाडी चालत असताना ती कुठे असत कोण जाणे, थांबली की हजर. दुपारच्या उन्हात, अर्धवट झोपेत, ती रोपांवर उतरताना मी पाहिली आहेत.

एकदा सरळ रस्त्यावर डाव्या हाताचा इंडिकेटर आपोआप लागला. बंद करू म्हटले तर होईना. टक् टक् करत राहिला. इंदू म्हणाली, "तिले तिकडं जायचं दिसते. जाऊन पाहू ना एकदा."

डावीकडे बैलगाडीची वाट होती. वळलो. पाऊण कोसावर एक तलाव लागला. काठोकाठ कमळे, आणि पाण्यात म्हशी अशा स्थिर उभ्या की मला आधी त्या दगडच वाटल्या. आम्ही पाळीवर, तलावाच्या बांधावर, बसून भाकरी खाल्ली. मी तिथेच झोपलो. जागा झालो तेव्हा इंडिकेटर बंद होता आणि इंदू पाण्यात पाय सोडून बसली होती. त्यानंतर ती वाट आम्ही दोन-तीनदा शोधली, सापडली नाही. आम्ही कुठे वळलो होतो यावर आमचे कधी एकमत झाले नाही.

कलम ४. माझे चुलत मोठे भाऊ भैय्याजी यांनी गाडीला बाधा आहे असे सांगून सात वर्षे तिला लिंबू-मिरच्या बांधल्या आणि माझे नातेवाइकांत हसे केले. जळालेल्या फ्यूजांनी भरलेला माझा डबा त्यांना द्यावा. आमचा हिशेब मिटला असे समजावे.

कलम ५. घराची रस्त्याकडची खोली, शटरसह, श्री. नागसेन पुनाराम गजभिये, ऑटो इलेक्ट्रिशियन, यांना दुकानासाठी हयातभर वापरायला, भाडे न घेता. याचे कारण मोठे आहे.

नागसेन माझा मित्र. त्याचे दुकान हुडकेश्वरच्या चौकात होते. सहा वर्षे त्याने या गाडीची वायरिंग हाताखालून घातली. अल्टरनेटर पाहिला, रिले बदलले, टेस्ट लॅम्प घेऊन तासन्‌तास तो गाडीखाली पडून असे. बिघाड सापडत नसे. तो म्हणायचा, "मी शोधून राहिलो गा. पण माझ्यापाशी आली की चांगली वागते ते." एकदा म्हणाला, "भरलेली गाडी घेऊन ये." मी नेली नाही. रोपे उन्हात कोमेजली असती. मी नेहमी माल उतरवून, मोकळी गाडी त्याच्याकडे नेली. आणखी एकदा त्याने विचारले होते, "खाली कुठं स्क्रू मारला काय तू?" मी नाही म्हटले. तेव्हा मला ते खरेच वाटत होते.

२०१६ च्या जानेवारीत सकाळी दाट धुके होते. गुलाबाची रोपे भरून येताना गाडी पुन्हा बंद पडली. मागचे दिवे विझले ते मला कळले नाही. श्री. मनोहरराव डाखोळे हे शिक्षक स्कूटरने मागून आले आणि आदळले. त्यांचा उजवा पाय मोडला. धुक्यात ते गुलाबांच्या कुंड्यांमध्ये पडले होते आणि शाळेला उशीर होईल एवढेच पुन्हा पुन्हा म्हणत होते. ते आजही लंगडतात.

दोनच दिवसांपूर्वी गाडी नागसेनच्या दुकानातून आली होती. मी घाबरलो होतो. मी चौकात गेलो आणि पंधरा-वीस माणसांसमोर म्हणालो, "यानं काम अर्धवट सोडलं. माणूस मेला असता." नागसेनच्या हातात पक्कड होती. ती त्याने खाली ठेवली. तो म्हणाला, "रुपराव, तुले माहीत आहे मी तसं करत नाही." मी म्हटले, "मले काही माहीत नाही."

त्यानंतर लोक त्याच्याकडे गाड्या नेईनासे झाले. दोन वर्षांनी दुकान बंद झाले. तो दुसऱ्याच्या गॅरेजात कामाला लागला. मी गाडी आणखी तीन इलेक्ट्रिशियनना दाखवली, बिघाड तसाच राहिला. म्हणजे दोष नागसेनच्या हातात नव्हता, हे मला तेव्हाच समजायला हवे होते. समजलेही असेल. मी तो विचार मनात फार वेळ थांबू दिला नाही.

इंदू २०२१ मध्ये गेली. शेवटच्या आजारात एकदा तिने विचारले, "नागसेनभाऊ काहून येत नाहीत आता?" मी सांगितले की कामात असतील.

या वर्षी जूनमध्ये गाडीचा तळाचा पत्रा गंजला म्हणून पियूष वेल्डरकडे दिली. त्याने सीट काढली, पत्रा कापला आणि मला हाक मारली. "काका, हा स्क्रू कोणी मारला?" पत्र्यातून एक लांब पितळी स्क्रू खाली गेला होता. त्याखालून, बाहेरून न दिसणाऱ्या पोकळीत, इंजिनाची आणि मागच्या दिव्यांची सगळी वायरिंग जात होती. स्क्रूचे टोक घासून घासून चकचकीत झाले होते आणि वायरीवर एक काळा डाग होता. माल भरला, गाडी हेलकावली, की टोक वायरीला लागे. मोकळ्या गाडीत लागत नसे.

तो स्क्रू मी मारला होता. २०१० च्या उन्हाळ्यात, इंदूची पाण्याची सुरई सीटमागे लवंडू नये म्हणून लाकडी बैठक ठोकली होती, तिचा. नागसेनने विचारले तेव्हा तो माझ्या ध्यानातच आला नाही. माझ्या लेखी ती गाडीतली वस्तू नव्हती. इंदूला गार पाणी मिळावे म्हणून केलेली जागा होती.

मी पियूषच्या दुकानाबाहेर बसून राहिलो. ऊन, लोखंडाचा वास, आणि सगळी वर्षे एकदम समोरून जात होती. तलाव, फुलपाखरे, धूर, सगळे त्या एका स्क्रूने दिले होते. मनोहररावांचा पाय आणि नागसेनचे दुकानही त्यानेच घेतले होते. मला त्यातले एक ठेवून दुसरे टाकता येत नव्हते.

मनोहररावांना मी जाऊन सांगितले. त्यांनी आधी मला बसायला खुर्ची दिली. मग म्हणाले, "पायाचं जाऊ द्या. नऊ वर्षं मी चुकीच्या माणसावर राग धरला. तो समोरून आला की मी रस्ता बदलायचो."

नागसेनकडे जायचे माझे धैर्य झाले नाही. म्हणून माझ्या पश्चात हे कलम त्याला वाचून दाखवावे.

दिनांक ९ नोव्हेंबर २०२५.

पुरवणी. वरील मजकूर अपेक्षाने वाचला. ती म्हणाली, "बाबा, त्यांना जिवंतपणी द्या हे." ती मला गाडीत घालून नागसेनच्या घरी घेऊन गेली. त्याचे केस सगळे पांढरे झाले आहेत. मी कागद त्याच्या हातात दिला. त्याने चष्मा लावून कलम ५ दोनदा वाचले.

"म्हणजे सापडला," तो म्हणाला.

"सापडला."

"मी विचारलं होतं तुले."

"विचारलं होतं."

त्याने कागद परत केला. "खोली नको मले. माझे हात आता थरथरतात, दुकान काय करू? अन् तू मेल्यावर पोरं हे वाचतील, त्याचा मले काय उपयोग? जिथं बोलला होता ना, तिथंच जाऊन बोल."

आज सकाळी आम्ही दोघे चौकात गेलो. २०१६ ची माणसे फारशी उरलेली नव्हती. चहावाला नवा होता. दोन ऑटोवाले, एक भाजीवाली, तीन म्हातारे. नागसेन कडेला उभा राहिला. मी मोठ्याने सांगितले की नागसेन गजभिये यांच्या कामात खोट नव्हती, स्क्रू माझा होता, मी त्यांचे नाव घालवले. माझा आवाज मलाच लांबून येतोय असे वाटत होते. ऑटोवाल्यांना काही समजले नाही. म्हाताऱ्यांपैकी एकाने मात्र मान वर केली, नागसेनकडे पाहिले आणि बाकावर सरकून त्याला जागा करून दिली.

नागसेन बसला. थोड्या वेळाने मला म्हणाला, "उभा काहून राहिला गा? चाय सांग."

मग त्याने विचारले, साक्षीदार कोण कोण आहेत. मी म्हटले, एक डॉक्टरबाई आहेत, दुसरा मिळायचा आहे. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे अपेक्षाने चौकशी करून सांगितले होते, तेही त्याला सांगितले. तो म्हणाला, "मंग खोली खोड. मी सही करतो."

म्हणून कलम ५ मधील खोलीची तरतूद मी स्वतःच्या हाताने रद्द करीत आहे. ती खोलीही धर्मेंद्र आणि अपेक्षा यांना निम्मी निम्मी. कलमाचा बाकीचा मजकूर कायम राहील, त्यातला एकही शब्द कोणी गाळू नये.

वरील सर्व मी दोन्ही साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचून, समजून, सही केली आहे. त्यांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर केली आहे.

स्थळ: हुडकेश्वर, नागपूर
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५

(सही) रुपराव सीताराम ठवकर

साक्षीदार:
१. (सही) डॉ. कामिनी वैरागडे, हुडकेश्वर
२. (सही) नागसेन पुनाराम गजभिये, ऑटो इलेक्ट्रिशियन, मृत्युपत्र करणाऱ्याचा मित्र