गाउनचा घेर

तीर्थस्वरूप ताई,

मशीनवरून उठून, सुई जपून बाजूला ठेवून साष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? डॉक्टरांनी दिलेला पट्टा बांधता, की कपाटात ठेवून नुसता बघता? आम्ही दोघं मजेत आहोत. म्हणजे मी मजेत आहे. तुमची धाकटी बहीणही असेल, पण तसं कळायला मार्ग नाही, कारण गेले नऊ दिवस ती माझ्याशी "हं" आणि "ठेवलंय" एवढंच बोलते. तिनं फोनवर तुम्हाला काहीबाही सांगितलं असेलच, तेव्हा खरी हकीकत माझ्याकडून कळावी एवढाच या पत्राचा उद्देश. दुसरा काही नाही.

आठ महिन्यांपूर्वी ती बॉलरूम डान्सच्या क्लासला जायला लागली, हे तुम्हाला ठाऊक आहेच. (माझं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. जे होतं ते मी रोज जेवताना फक्त एकदाच सांगायचो.) तिथले सर इतके ताठ चालतात, की मी त्यांचं नाव फूटपट्टी ठेवलंय. त्यांचा स्टुडिओ दरवर्षी एक डिनर शो करतो. पाहुण्यांनी जेवायचं आणि शिकणाऱ्यांनी सरांबरोबर मधल्या जागेत नाचायचं. यंदा तिचा पहिलाच नाच होता, वॉल्ट्झ. त्यासाठी गाउन हवा. आता घरात शिंपी असताना गाउन बाहेर शिवायला टाकायचा म्हणजे माझ्या दुकानाची पाटीच उतरवायची की! मी म्हटलं, मी शिवतो.

ताई, तीस वर्षं मी गणवेश शिवतोय. नर्सचे, ड्रायव्हरचे, वॉचमनचे. माणूस रिटायर होतो, पण माझी शिवण काही सुटत नाही. तिनं तीनदा सांगितलं, "अहो, घेर भरपूर ठेवा." मी तीनदा म्हटलं, मला शिकवू नकोस. तिला दुकानात चालायला लावलं, दोन पावलांतलं अंतर टेपनं मोजलं, वर चार बोटं सैल सोडली आणि त्या मापानं घेर कापला. बाजूच्या शिवणींना तिहेरी टाका मारला. (ज्या घेरात नर्स जिने चढते, त्यात बाईला नाचता येणार नाही, हे कुणाच्या डोक्यात येईल?) आणि शिंप्याच्या धर्माला जागून गाउन तिच्या हातात दिला तो कार्यक्रमाच्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला. घालून नाचून बघायला वेळच उरला नाही. टॅक्सीपर्यंत मात्र ती झकास चालत गेली, हे मुद्दाम नमूद करतो.

हॉलमध्ये नाचणाऱ्या बायकांच्या नवऱ्यांना एकाच गोल टेबलावर बसवलं होतं. माझ्या शेजारी एक दातांचे डॉक्टर होते. ते येणाऱ्याजाणाऱ्यांचे दात बघत होते, मी शिवणी बघत होतो, त्यामुळे आमचं छान जमलं. तिथला नियम असा, की नाच चालू असताना चमचा वाजवायचा नाही. सूप आलं की नाच सुरू, नाच संपला की सूप गार. दोन नाच होईपर्यंत माझं तीनच चमचे सूप पोटात गेलं होतं. तिसरा नाच बाईसाहेबांचा.

संगीत सुरू झालं. फूटपट्टीनं पाऊल पुढे टाकलं, हिनं मागे टाकलं आणि ते अर्ध्यावरच अडलं. वॉल्ट्झमध्ये बाईला उलटं चालावं लागतं, तेही चांगल्या ढांगा टाकत, हे मला तेव्हा कळलं. सर पुढे आले, ही मागे गेली नाही, आणि दोघांची कपाळं टणकन आपटली. शिवण फाटली असती तर सुटली असती बिचारी, पण फाटेल ती माझी शिवण कसली! मग ती गरम दुधाचं पातेलं धरल्यासारखी इंच-इंच सरकायला लागली. मागच्या टेबलावर कुणीतरी फिसकन हसलं. तिनं सरांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर चाललं असतं, त्याची मला सवय आहे. पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आठ महिने पहाटे उठून स्वयंपाकघरात एक-दोन-तीन मोजणारी ही बाई, आणि तिचे पाय मीच बांधून ठेवले होते.

खिशात टाके काढायची छोटी कात्री असतेच. मी उठलो तो थेट मधल्या जागेत गेलो, खाली बसलो आणि तिच्या गुडघ्यापासून खाली उजवी शिवण उसवायला लागलो. तिहेरी टाका तो, लवकर सुटतोय कसला! (त्या शिंप्याला मी मनातल्या मनात फार वाईट बोललो.) "अहो, आटपा, पुढचं वळण येतंय," ती दात आवळून म्हणाली. उजवी झाल्यावर मी गुडघ्यांवरच तिच्याभोवती अर्धी फेरी मारली आणि डावी उसवली. लोकांना वाटलं हाही नाचाचाच भाग, त्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि मग काय विचारता! पाय मोकळे झाले तशी ती अशी सुटली, की फूटपट्टीची तिला गाठताना दमछाक झाली. मी तिथेच फरशीवर बसून बघत राहिलो. एवढ्या वर्षांच्या संसारात तिला इतकी खुललेली मी कधी पाहिली नव्हती. नाच संपला तेव्हा दातांचे डॉक्टर डोळे पुसत होते. टॅक्सीत बसल्यावर ती एवढंच म्हणाली, "तीनदा सांगितलं होतं." तेव्हापासून हा अबोला.

असो. आपल्याला नाचाबिचातलं काही कळत नाही, आणि कळून घ्यायचंही नाही. थोरांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद आहेतच.

आपला नम्र,
तुमच्या बहिणीचा शिंपी

ता. क. पट्टा बांधत जा. शोभेसाठी दिलेला नाही.

ता. क. आणखी एक. क्लासचे पुढच्या वर्षीचे फॉर्म आलेत. तिच्या फॉर्मवर "जोडीदार" हा रकाना अजून कोरा आहे, मी गुपचूप बघितला. तिथे फूटपट्टीचं नाव पडण्याआधी, अगदी सहज बोलता बोलता, माझं नाव सुचवाल का? ती फक्त तुमचंच ऐकते. मी स्वतः विचारलं आणि ती नाही म्हणाली, तर मला ते सोसणार नाही. मी सांगितलंय हे तिला कळू मात्र देऊ नका.

ता. क. ताई, अक्षरावरून ओळखलंसच. हे पत्र टपालात टाकायला यांनी माझ्याच हातात दिलं, तेही पाकीट न चिकटवता. गेले चार दिवस दुपारी दुकानाला आतून कडी असते. काल काचेतून डोकावले, तर मापाच्या पुतळ्याला कवेत घेऊन हे एक-दोन-तीन मोजत होते. मध्येच पुतळ्याच्या स्टँडला पाय लागला, तर त्याला म्हणाले, "चुकलं हो माझं." घरी आल्याबरोबर मी तो रकाना भरून टाकला. पण तू यांना इतक्यात काही कळवू नकोस. पुतळ्याची माफी मागून झाली, माझी अजून बाकी आहे.