शिडीचे मोजे

८ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर आपलं बोलता बोलता भांडण होतं, म्हणून लिहिते. पत्रात निदान माझं वाक्य पुरं होतं.

आधी बातमी. मला ती नोकरी मिळाली! इतकी वर्षं चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून काचा घासल्या, आता मोठ्या शहरातल्या कारखान्यात घासणाऱ्यांची मुख्य म्हणून बोलावलंय. मार्चच्या पहिल्या तारखेला हजर व्हायचं. तिथल्या मालकीणबाईंनी माझ्या हातची काच उजेडासमोर धरली, आणि बाकी काही विचारलंच नाही. घरी येऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली, छान झालं गं, पण मग माझं काय. वॉकर धरून न्हाणीघरापर्यंत जायचं तरी तिला दम लागतो, तिनं असं विचारलं तर तिचं काय चुकलं?

तिचं काय, ते तू मागच्या खेपेला सांगितलंस. तू तिला घेऊन जाणार, मात्र आधी हे घर रंगवून भाड्यानं द्यायचं. कबूल. रंगारी नको, ते फरशीची वाट लावतात, हेही कबूल. रंग मीच देते, दुकानातून आल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी.

अडचण आहे शिडीची. माळ्यावरची शिडी काढली, तर तिच्या पायांचं रबर झिजून वाळून दगड झालंय. आपली फरशी ही अशी गुळगुळीत. शिडी भिंतीला टेकवली की खालून घसरते. हार्डवेअरवाल्याकडे नवे रबरी बूट आहेत, शिडीच्या पायात घट्ट बसणारे, आणि खाली घालायला खडबडीत रबराची चटईसुद्धा. वरच्या टोकांना मी जुनं फडकं गुंडाळीन, म्हणजे भिंतीला ओरखडे नकोत. एवढं आणलं की कामाला लागते. आणू ना? घर तुझ्या नावावर म्हणून विचारते, नाहीतर रबरासाठी कोण कोणाची परवानगी मागतं!

वहिनीला नमस्कार सांग. लोभ आहेच, तो उत्तर पाठवण्यातही दिसू दे.

तुझी,
ठकी


१७ जानेवारी

चि. ठकीस,
अ. उ. आ.

तुझं मनापासून अभिनंदन. शेवटी आमच्या ठकीचा कोणीतरी भाव केला म्हणायचा! तुझी वहिनी म्हणते, आता घरातल्या सगळ्यांचे चष्मे फुकट. मी म्हटलं, ठकीकडून फुकट काही मिळायचं नाही, वर चार गोष्टी ऐकून घ्याव्या लागतील.

आता शिडीबद्दल. नवीन काळं रबर अजिबात आणू नकोस. त्याचे डाग फरशीवर उमटतात ते बापजन्मात निघत नाहीत. चटईचंही तेच, तिच्याखाली रंगाचं पाणी शिरलं की कायमचा पट्टा. होणारे भाडेकरू फरशी बघूनच हो म्हणालेत, हे लक्षात ठेव. अगं, या दुखण्यावरचं औषध तर आपल्याच घरात आहे. आईनं खुर्च्यांना, टेबलाला, पलंगाला, सगळ्यांना लोकरीचे मोजे घातलेत की नाही? लोक हसले, हसू देत. पण एवढ्या वर्षांत फरशीवर एक चरा तरी आहे का? तसेच मोजे शिडीला घाल, खालच्या पायांना आणि वरच्या टोकांना. फरशी शाबूत, भिंत शाबूत, आणि शिडी उचलत बसायला नको, हळूच ढकलली की पुढे. तू उगाच भ्यायची खोड सोड. लहानपणी स्टुलावर चढतानाही भोकाड पसरायचीस.

काम भराभर उरक. आईला सांग, तिची खोली तिची वाट पाहतेय. आशीर्वाद तर आहेतच, सोबत थोडं धाडसही पाठवतोय.

तुझा,
दादा


३० जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आईनं दोनदा वाचलं आणि तेव्हाच सुया काढून बसली. तू तिच्या मोज्यांची वाखाणणी केलीस ना, स्वारी खूश! शिडीला आता चार मोजे आहेत, निळे, काठाला पांढरी वेल. कारखान्यात जाताना माझ्या पायात इतके चांगले असतील की नाही कोण जाणे.

वरच्या टोकांचं मला पटलं. भिंतीवर रेघ उठत नाही. पण दादा, खालचं मला पटत नाही, ते तुला स्पष्ट लिहिते. शिडी म्हणजे खुर्ची नव्हे. खुर्चीवर माणूस टेकून बसतं, शिडीवर ते वाकतं, हात लांब करतं, एका अंगाला भार टाकतं. लोकर त्या फरशीवर नुसती घसरते. शेजारच्या मावशी खाली पाय रोवून शिडी धरतात तेव्हा मी चढते. बाहेरच्या खोलीच्या भिंती तशाच झाल्या. रोज त्यांना कुठून वेळ असणार? मी म्हटलं, मोजे काढून बूट आणते, तर आई म्हणाली, दादानं नको म्हटलंय ना, मग कशाला त्याला डिवचतेस, तो नेणार नाही मला.

हात टेकले. तारीख जवळ आलीये आणि तुझ्याशी वाद घालत बसायला मला सवड नाही. पण चढले की एक हात शिडीवरून सुटत नाही. तुझं मत बदललं तर लगेच कळव, पत्राची वाट न पाहता फोन कर. भांडायची नाही, वचन देते.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ठकी


१२ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अ. उ. आ.

मावशींचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो, त्यामुळे नीट बोलता आलं नाही. शिडीवरून पडलीस, उजवं मनगट मोडलं, प्लास्टर घातलंय, एवढं समजलं. डोक्यावर पडली नाहीस हे नशीब! अगदी वाईट वाटलं. वहिनी तर त्या दिवशी नीट जेवलीसुद्धा नाही. मी मावशींना विचारलं, डबा सांडला का, फरशीला काही झालं का, तर त्यांनी एकदम फोनच ठेवला. वयानुसार माणूस तुसडं होतं. रंग सांडला असेल तर वाळायच्या आत पुसायला हवा होता, म्हणून विचारलं, दुसरं काही नाही.

यायचं मनात खूप होतं, पण इथे आमच्याकडे नवी लाकडी जमीन बसवण्याचं काम चाललंय, सुताराला सोडून हलता येत नाही.

आता मार्चमध्ये तुला हजर होता येणार नाही, हे उघडच आहे. तेव्हा आईला न्यायची तशी घाई उरली नाही. एका अर्थी तुम्हा दोघींनाही सोबत झाली. भाडेकरूंना मी थांबायला सांगतो. तू विश्रांती घे, डोक्याला ताप करून घेऊ नकोस.

आशीर्वाद आहेतच. तब्येतीला जप.

तुझा,
दादा


२३ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

डाव्या हातानं लिहितेय, अक्षराला हसू नकोस.

कशी पडले ते तू विचारलं नाहीस, तरी सांगते. स्वयंपाकघरात ओट्याच्या वरचा कोपरा तेवढा राहिला होता. मावशी घरी नव्हत्या. मी म्हटलं, एवढासा तर आहे, आपणच उरकू. कुंचला लांब केला आणि शिडीचा एक पाय सरकत निघाला. इतका अलगद निघाला की आवाजसुद्धा झाला नाही. मोजे होते ना! मला कळलं तेव्हा मी ओट्याच्या कडेवर आपटून खाली आले होते.

आई वॉकर ओढत आली. तिनं आधी काय पाहिलं, सांगू? फरशी. डबा कलंडला होता, फडकं घेऊन ती बसली आणि रंग पुसायला लागली. मी तिथेच, हातभर अंतरावर. मग एकाएकी तिचा हात थांबला, माझ्याकडे बघितलं आणि जी रडायला लागली ती मावशी येईपर्यंत थांबलीच नाही. मी तिच्यावर रागावले नाही. तिला जन्मभर तेवढंच करायला लावलंय आपण सगळ्यांनी. माझा राग तुझ्यावर आहे, दादा.

तर फरशी उत्तम आहे. एक चरा नाही.

मनगट आता पूर्वीसारखं वळणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. काच घासायची ती मनगटानंच. कारखान्यात माझ्या जागी दुसऱ्या कोणाला घेतलं. मालकीणबाईंचा स्वतः फोन आला. म्हणाल्या, हात मोडलाय, डोळे तर नाहीत ना मोडले? घासलेल्या काचा तपासायला ये. मुख्य नाही, तपासणीला, सगळ्यात खालच्या टेबलावर. मार्चच्या मध्यापर्यंत वाट बघतील. मी जाणार आहे. घाई उरली नाही असं तू लिहिलंस, ते खोडून टाक. घाई आहे आणि ती माझी आहे. आईला न्यायचा दिवस कळव.

तुझ्या शब्दावर मी शिडी चढले. आता तू शब्द पाळ, एवढाच लोभ पुरे.

ठकी


५ मार्च

चि. ठकीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मनाला लागलं. दुखण्यात माणूस चिडचिडं होतं, म्हणून मी मनावर घेत नाही. पण एक गोष्ट स्पष्ट करतो. मोजे मी शिडी सरकवण्यापुरते सांगितले होते. चढताना ते काढून ठेवायचे, हे कोणालाही कळतं. ते काही सांगावं लागतं का? असो, झालं ते झालं, मला दोष देऊन मनगट जोडलं जाणार नाही.

आईला मी नाही म्हटलेलं नाही. वहिनीचीही ना नाही. पण लाकडी जमीन नुकतीच झालीये, अजून पॉलिशही मुरलं नाही. सुतार म्हणाला, वॉकरच्या रबरी टोकांचे काळे ठसे उठले तर पुन्हा सगळी घासावी लागेल. तेव्हा घाईगर्दी नको. तोवर तू एक कर, आईच्या वॉकरच्या पायांना मोजे घालून तिला चालायची सवय लाव. तिच्या हातचेच असू देत, तिलाही आवडेल. सवय झाली की उन्हाळा सरता सरता बघू. खालच्या टेबलावरची ती नोकरी काय, आज नाही तर उद्या दुसरी मिळेल.

तिला आणि तुला आशीर्वाद. राग गिळून टाक.

तुझा,
दादा


१४ मार्च

दादा,

मायना घालत नाही. नमस्काराला हात जोडावे लागतात, माझा एक अजून गळ्यात आहे.

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवणार नव्हते. मी दुकानात निरोप घ्यायला गेले होते, तेवढ्यात पोस्टमन आला आणि तिनंच ते फोडून वाचलं. फोडलेलं पाकीट माझ्या उशाशी ठेवलं. परवा सकाळी उठून पाहते तर बाई घरातल्या बोळात उभी, भिंतीला एक हात लावून, आणि वॉकरच्या चारी पायांना मोजे. नवे, कोरे. मला चोरून विणले होते. दर पावलाला वॉकर पुढे पळत होता आणि ही त्याच्यामागे थरथरत. मी ओरडले, तर मला म्हणाली, अगं, थोडी सवय झाली की जमेल, मग तो नेईल मला. हसून म्हणाली, दादा! कौतुकानं म्हणाली!

मी ते मोजे ओरबाडून काढले. एका हातानं आणि दातांनी. शिडीवरून पडले तेव्हा मी रडले नव्हते, परवा बोळात फतकल मारून रडले.

मग विचारलं तिला, माझ्याबरोबर येतेस का. तिथे मला एकच खोली मिळालीये, जिना चढून, मी दिवसभर कारखान्यात, तरी ये. तिला यायचं नाही. तिला तुझ्याकडे यायचंय. तुझं नाव काढलं की तिचा चेहरा खुलतो, त्याला मी काय करू? इतकी वर्षं न्हाऊ-माखू मी घालते आणि वाट ती तुझी बघते. मला याचं वाईट वाटतं आणि ते मी लपवत नाही.

वॉकरला नवे रबरी बूट बसवलेत, औषधांच्या दुकानात मिळाले. चांगले पकडतात. तुझ्या लाकडावर त्यांचे ठसे उठतील. पुसून निघाले तर पूस, नाही निघाले तर राहू देत. तिच्या पिशवीत लोकर आणि सुया आहेत, त्या मी काढून घेतल्या नाहीत, तिचा तेवढाच विरंगुळा. पण तिनं वॉकरसाठी काही विणायला घेतलं तर तिला थांबव. एवढं एक तू स्वतः बघ, वहिनीवर ढकलू नकोस. सकाळी उठताना तिला काही क्षण गरगरतं, तेव्हा हात द्यायचा. ऐकू डाव्या कानानं येतं.

आम्ही मावशींच्या पुतण्याच्या गाडीनं आलोत. तिला तुझ्या दारापर्यंत सोडून, बेल दाबून, मी कोपऱ्यावर गाडीत जाऊन बसणार. आत येणार नाही. आले की चहा होईल, वहिनी हाताची चौकशी करील, तू गोड बोलशील, आणि संध्याकाळी आई पुन्हा माझ्याबरोबर परत निघालेली असेल. मला ठाऊक आहे, कारण मी तुझ्या गोड बोलण्याला नेहमी भुलते. तिच्यामागे दार लागलेलं दिसलं की मी गाडी सोडायला सांगणार. उद्या सकाळी मला टेबलावर हजर व्हायचंय.

पत्र तिच्या हातात दिलंय. तुला मी ओळखते, तू ते दारातच फोडणार. इथवर वाचलंस, म्हणजे ती अजून बाहेरच उभी आहे. तिला आत घे.

ठकी