ठाणाकुशनूरच्या आडाची पातळी

१ एप्रिल १९७३, रविवार
नुसता भूगोल शिकवून देशाचा पाणीप्रश्न सुटणार नाही. सरकारी धोरण आकड्यांवाचून अडलंय. दर रविवारी ठाणाकुशनूरला जाऊन गावचा आड मोजणार आणि बंगलोरच्या परिषदेत पेपर वाचणार. पाटील शिवशंकरप्पांना कार्ड टाकलं. दर खेपेला आगाऊ कळवणार. संशोधनात शिस्त हवी. शिवाय उद्यापासून पहाटे पाचला उठून घरच्या नळाचं पाणी मीच भरणार. तसं बायकोला, शारदाला, सांगून टाकलं.

२ एप्रिल, सकाळी ८
नळ गेला. शारदाने भरलं. डोक्यात पेपर असला की जाग येत नाही.

८ एप्रिल
बस वाटेत दोनदा बंद. पाणी साडेतीन फूट. पाटलांना शाबासकी दिली.

१५ एप्रिल
चार फूट. ऊन मी म्हणतंय आणि पाणी वाढतंय. कमाल आहे.

२२ एप्रिल
चार फूट आठ इंच. खाली मोठा झरा असणार. पेपरचं नाव बदललं: ‘टंचाई: एक गैरसमज’. 

२३ एप्रिल
तालुका कचेरीत पेपरची एक प्रत अहवाल म्हणून दिली. भीमराज कारकून म्हणाला, की ठेवा तिकडं. या देशात अभ्यासाला किंमत नाही.

२९ एप्रिल
गेलो नाही. निष्कर्ष निघाल्यावर मोजायचं कशाला?

२ मे
अभ्यासाला किंमत आहे. माझ्या अहवालावरून ठाणाकुशनूरचा टँकर बंद झाला. संशोधनाचा धोरणावर परिणाम होतो तो असा. शारदाने विचारलं, की मग लोक पितात काय. प्रश्न शास्त्रीय नव्हता.

६ मे
कार्ड न टाकताच गेलो. चार कौतुकाचे शब्द ऐकावेत म्हणून. आडात वीतभर गढूळ पाणी. एक सून खाली उतरून वाटीने घागर भरत होती. तिची सासू गंगम्मा वर दोर धरून. म्हणाली, की अण्णा, तुमचं कार्ड आलं की पाटील दवंडी देतेत, आदल्या दिवसापासून कुणी आडात दोर सोडायचा न्हाई. परक्या माणसानं तळ बघितल्यावर या गावात पोरी कोण देतंय? तुमी खूश व्हायलाव म्हणून दर खेपेला आणखी थोडं थांबलो. तवा टँकर होता, भागायचं. आता टँकर कामून बंद केला, अण्णा?
लाज वाटली. पाटलांचा रागही आला, पण टँकर त्यांनी बंद केला नव्हता.

७ मे
भीमराज म्हणतो, की अहवाल मंजूर झाला, आता मागं घेता येत न्हाई. नवे आकडे आणा, खाली पाटलांची सही आणा. तासभर भांडलो. व्यर्थ. सहीसाठी पाटील जागेवर हवेत, म्हणून कार्ड टाकलं: रविवारी मोजणीला येतो, गावाचा टँकर तिच्यावरच अवलंबून आहे.

१३ मे
सगळा गाव आडापाशी, रिकाम्या घागरी घेऊन. पाटील म्हणाले, की टँकरचा सवाल, म्हणून कार्ड आल्यापासून चार दिवस कुणाला दोर सोडू दिला न्हाई, बाया दोन कोसांवरनं पाणी आणायल्यात. मी ओरडलो, की आधी भरून घ्या. कुणी हललं नाही. गंगम्मा म्हणाली, की तुमचं मोजून होऊ द्या अण्णा, आमी थांबतो.
मोजलं. पाच फूट दोन इंच. पाटलांनी खाली सही केली.