भाकरीच्या ठेक्यावर चालणारा माणूस

माय,

आज दुपारी दुकानात एकटाच टेबल थापत बसलो होतो. शेजारचा झेरॉक्सवाला डोकावला अन् म्हणाला, "काय शेठ, भाकरी करून राह्यले का?" त्याला काय सांगणार? म्हटलं, "हो, बसा, वाढतो."

तुला तो गेम आठवत असेल. मंठ्याच्या आपल्या खोलीत मी भंगारातून आणून, जोडूनजाडून उभा केलेला पहिला कॉम्प्युटर. हिरवा पडदा आणि त्यात खड्ड्यांवरून उड्या मारणारा काडीएवढा माणूस. तू चुलीकडे तोंड करून भाकरी थापतेस, पडद्याकडे तुझी पाठ. त्याची पावलं टिकटिक वाजतात आणि तुझा हात नकळत त्याच ठेक्यात पडतो. तो खड्ड्यात गेला की एक उतरता सूर निघायचा. मागं न बघता तू विचारायचीस, "मेला का रे तुझा माणूस?" "मेला." "मंग ऊठ, गरम हाय तवर खा. त्याला काय, तो पुन्हा जित्ता व्हतो." पोरगं वाया चाललं, असं सगळी गल्ली म्हणायची. तू कधी म्हणाली न्हाईस.

आता जालन्यात माझं स्वतःचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. माझ्या मशीनवर विंडोज नाही, लिनक्स आहे. फुकट मिळतं आणि कटकट कमी. त्यावर तो गेम सरळ चालत नाही, म्हणून जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घेणारा एक प्रोग्राम टाकला. पण सोंगच ते! बटणावर बोट जायच्या आत माणूस खड्ड्यात, आणि तो सूर उंदीर चिरकल्यासारखा. वेग कमी-जास्त करता येतो, पण आपल्या त्या मशीनचा वेग किती होता, हे कोण सांगणार? माझ्यापाशी एकच माप होतं, तुझी थाप. कान मला तुझेच मिळालेत. टेबलावर तळहात मारत गेलो, वेग उतरवत गेलो, आणि दिवेलागणीला थाप अन् पावलं जुळली. बराबर तीच पावलं. तोच सूर.

सूर संपला आणि मागून तू विचारशील म्हणून मी थांबलो. मागं कुलरची घरघर तेवढी होती.

तू होतीस तेव्हाही तुला वाचता येत नव्हतं, म्हणून हे कुठं पाठवायचा प्रश्नच नाही. एक मात्र सांगतो. तो गेम मला आता शेवटपर्यंत जिंकता येतो. तरी पहिल्याच खड्ड्यापाशी मी बटणावरचं बोट उचलतो.