हॉलमध्ये रेंज एकशे अठरा

दि. २ फेब्रुवारी
मी, या घराचा मालक व बांधणारा, लोकांत 'मिस्त्री' या नावाने परिचित, वय वर्षे एकोणऐंशी, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, गणितात वर्गात पहिला, धंदा गवंडीकाम, सध्या गुडघ्यांमुळे विश्रांतीवर, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाविना लिहून ठेवतो की, आजपासून रोज नोंद करीन. कारण मोबाइल कंपनी. तक्रार भक्कम करायची तर पुरावा तारीखवार असावा लागतो. ही वही माझ्याखेरीज कोणी वाचू नये.

हकिगत अशी. कंपनीने जुने नेटवर्क बंद करून नवे चालू केले. त्यास 'अपग्रेड' म्हणतात. माझा बटणांचा फोन त्या दिवसापासून मुका झाला. मुलाने काचेचा फोन आणून दिला. या काचेत हॉलमध्ये रेंजची एकच काडी दिसते आणि तीही पाहुण्यासारखी येते-जाते.

माझे फोनवर काम एकच. दर रविवारी अकरा वाजता आक्काशी बोलणे. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. बसने दिवसभराच्या अंतरावर भाचीकडे असते व आता अंथरुणाला खिळली आहे. आई गेल्यावर मला हिनेच वाढवले. मला अद्याप 'लहान्या' म्हणते. बाकी कोणाची प्राज्ञा नाही.

दि. ४ फेब्रुवारी, रविवार
आक्काचा फोन आला. आवाज तुटत होता, जणू तिच्या वाक्यांतून कोणी मधल्या विटा काढून घेत होते. तिने विचारले, "लहान्या, ऐकू येतंय का रे?" मी सांगितले, "स्पष्ट ऐकू येतंय." वास्तविक तेवढेच ऐकू आले होते.

मुलगा म्हणाला, "बाबा, अंगणात बसून बोला ना. तिथं फुल्ल रेंज आहे." मी नकार दिला. हा हॉल मी बांधला, ही खुर्ची मी तिच्या जागी ठेवली. माझ्या बहिणीशी मी अंगणात उकिडवा बसून बोलणार नाही.

शिवाय समोरच्या ओट्यावर फरशीवाला बसलेला असतो. आम्ही दोघांनी उभी हयात एकत्र कामे केली, आणि एकत्र भांडलो. मी या घराच्या प्रत्येक भिंतीत, आतून व बाहेरून, गिलाव्याखाली कोंबडीजाळी ठोकली आहे. ही माझी खास पद्धत. आजतागायत केसाएवढाही तडा नाही. तेव्हा हा गृहस्थ चारचौघांत म्हणाला होता, "मिस्त्री, घर बांधतोयस की खुराडं?" त्याच्या घरात आज प्रत्येक भिंतीला नकाशा उमटला आहे. मी त्यावर कधी बोलत नाही. फक्त बघतो.

दि. ६ फेब्रुवारी
कंपनीच्या तक्रार क्रमांकावर फोन लावला. एक बाई अत्यंत नम्रपणे बोलल्या. मी माझे नाव, वय व हुद्दा सांगितला. त्यांनी एक दाबा म्हटले. मी पुन्हा नाव, वय व हुद्दा सांगितला. सूनबाई म्हणाली, "बाबा, ते मशीन आहे." मशीन असले तरी रीतभात सोडण्याचे कारण नाही.

माणूस पाठवणार आहेत. संकल्प: त्याच्यासमोर आवाज चढवायचा नाही.

दि. ९ फेब्रुवारी
कंपनीचा माणूस आला. गळ्यात पट्टा, हातात मापाचे यंत्र. प्रथम अंगणात माप घेतले. ऐंशी. नंतर हॉलमध्ये घेतले. एकशे अठरा.

मी तत्काळ सूनबाईकडे पाहिले. अंगणात ऐंशी, हॉलमध्ये एकशे अठरा! म्हणजे हॉलमध्ये अडतीसने जास्त. आकड्याआधी एक आडवी रेघ होती, ती काचेवरचा ओरखडा असावी.

तो माणूस भिंतीवर बोट वाजवत म्हणाला, "आजोबा, टॉवर ठणठणीत आहे. तुमच्या भिंतीत आहे काय?"

मी विचारले, "तडा दिसतो का?"

"तडा नाही, पण रेंजही नाही. नवीन नेटवर्कच्या लहरी जोरात धावतात, पण अंगानं नाजूक. जाड भिंत आली की दम सुटतो. आणि आत लोखंडी जाळी असेल तर संपलंच, दारातूनच परत."

मी आवाज चढवला.

तो गेल्यावर सूनबाई हळूच म्हणाली की, ती रेघ म्हणजे उणे, आणि उण्यात मोठा आकडा म्हणजे कमी. चौथीपर्यंत आम्हांस असले काही शिकवले नव्हते आणि त्यावाचून एकही भिंत वाकडी गेली नाही. नाचता येईना, अंगण वाकडे. कंपनीचा टॉवर नाचत नाही, दोष माझ्या भिंतीला.

फरशीवाल्याने त्या माणसाला रस्त्यात गाठून सर्व काढून घेतले असावे. संध्याकाळी ओट्यावरून ओरडला, "भिंतींना कान असतात म्हणे, मिस्त्री! तुझ्या तर ठार बहिऱ्या!" मी खिडकी लावून घेतली. त्यानंतर उरलेली एक काडीही गेली. योगायोग.

दि. ११ फेब्रुवारी, रविवार
फोन अकरा वाजता आला. आक्का नेहमीपेक्षा बराच वेळ बोलली. काहीतरी मागत असावी, कारण लहानपणी मला विहिरीवर पिटाळताना लावायची तसा लाडिक सूर होता. मला ऐकू आले ते एवढेच: "लहान्या... पलंगा... तुझ्याच हातची... नाही म्हणू नकोस..." मग खरखर. मग, "रविवारी?"

मी म्हणालो, "हो, हो. रविवारी."

"ऐकू आलं ना नीट?"

"अक्षर न् अक्षर."

ती हसली. ते हसणे मात्र संपूर्ण आले, एकही वीट न पडता. मग फोन तुटला.

ती काय म्हणाली ते पुन्हा विचारता आले असते. परंतु सूनबाई भाजी निवडत तिथेच बसली होती, मुलगा वर्तमानपत्रामागे होता, आणि दोन दिवसांपूर्वीच मी दोघांना बजावले होते की या हॉलमध्ये उत्तम ऐकू येते. माणसाने शब्द बदलू नये. पुढच्या रविवारी बोलणे होईलच, तेव्हा उलगडा करून घेऊ.

दि. १४ फेब्रुवारी
मुलाने नवी टूम काढली. घरात वायफाय घेतले की फोन त्या वायरीवरून चालेल म्हणे. मग टॉवर कसा का असेना. मी विचारले, वायर आत येणार कुठून? म्हणाला, "एक छोटंसं भोक पाडावं लागेल, बाबा. बोटाएवढं."

या घरात कॅलेंडरचा खिळासुद्धा मी सुताराकडून लाकडी पट्टी बसवून घेऊन तिच्यात ठोकला आहे. बोटाएवढे म्हणे. आज बोट, उद्या मनगट. प्रस्ताव फेटाळला.

मुलगा अर्ध्या जेवणावरून उठला. त्याची आई असती तर म्हणाली असती, "भिंत मोडेल पण तुमचे बाबा वाकायचे नाहीत." ती हे कौतुकाने म्हणत असे, असे माझे मत आहे.

दि. १६ फेब्रुवारी
सूनबाईला कामाच्या ठिकाणी भाचीचा फोन आला होता. निरोप: "आई विचारतेय, मामाचं रविवारचं नक्की ना?" मी म्हटले, नक्की म्हणून कळव. सूनबाईने विचारले, "रविवारचं काय, बाबा?" मी म्हटले, आमचं बहीणभावाचं आहे.

रविवारचा फोन तर ठरलेलाच असतो. तो नक्की करण्यात विशेष ते काय? वय झाले की माणसे तीच गोष्ट पुन्हा विचारतात.

दि. १८ फेब्रुवारी, रविवार
अकरा वाजले. फोन नाही. दाढी करून, धुतलेला सदरा घालून खुर्चीत बसलो होतो.

साडेबारा. नाही. काडी एक होती, मग शून्य, मग एक. मी स्वतः लावून पाहिला. बाई म्हणाल्या, संपर्क होऊ शकत नाही.

दुपारी चार. नाही. मुलगा म्हणाला, "चला, अंगणात जाऊन लावू." समोर फरशीवाला सुपारी कातरत बसला होता. म्हटले, नको. फोन करण्याची पाळी तिची आहे.

संकल्प: आक्का चूक कबूल करीपर्यंत आपण होऊन फोन करायचा नाही. थोरल्या बहिणीने दिलेला शब्द पाळला पाहिजे. स्वतः नक्की ना म्हणून निरोप धाडायचा आणि मग विसरायचे, हे तिला शोभत नाही.

दि. २० फेब्रुवारी
संकल्प पाळत आहे. फारसे कठीण नाही. फोन तसाही लागत नाही.

कंपनीकडे दुसरी तक्रार. मजकूर तयार केला: 'आपल्या निष्काळजीपणामुळे एका थोरल्या बहिणीस धाकट्या भावाशी बोलता येत नाही.' वाचून पाहिला. चांगला उतरला आहे.

दि. २१ फेब्रुवारी
सूनबाई भर दुपारी कामावरून परत आली. चपला न काढता थेट हॉलमध्ये आली. या घरात असे कधी झाले नव्हते. मी बोलणार होतो, पण तिने माझ्या खुर्चीपुढे खाली बसून माझे दोन्ही गुडघे धरले.

आक्का सकाळी गेली. भाची तासभर मला फोन लावत होती.

दि. २३ फेब्रुवारी. मुक्काम भाचीचे घर.
रात्रभर बस. पोहोचेपर्यंत सर्व आटोपले होते. भाचीने खुर्ची दिली, पाणी दिले. मग म्हणाली, "मामा, रविवारी का नाही आलात?"

मी विचारले, कोठे?

"इथं! तुम्ही आईला शब्द दिला होता ना. पलंगाशेजारी खिडकी पाडून देतो म्हणून. पडल्या पडल्या रस्ता दिसावा, एवढंच मागत होती. मी म्हटलं, अगं, इथं मिळेल की एखादा गवंडी. तर म्हणे, माझा लहान्या असताना परक्याचा हात कशाला?"

भाचीने असेही सांगितले. रविवारी पहाटेच आक्काने पलंग भिंतीपासून ओढून घ्यायला लावला, माती अंगावर नको म्हणून. मला फोन करू दिला नाही. "रस्त्यात असेल, उगाच चिडेल. शब्दाचा पक्का आहे तो. बस चुकली असेल." सोमवारीही तेच. मंगळवारीही तेच. पलंग शेवटपर्यंत खोलीच्या मध्ये होता.

भिंतीवर खडूने चौकोन आखलेला आहे. भाचीचा हात धरून तिने स्वतः दाखवला होता, कुठपासून कुठपर्यंत. मी वितीने मोजला. रुंदी बरोबर होती. वर तुळईसाठी जागा मात्र सोडलेली नव्हती. एवढ्या वर्षांत तिने माझे एकही काम नीट पाहिले नाही, असे यावरून दिसते.

मापे लिहून घेतलेली नाहीत. लक्षात आहेत.

रात्री भाची म्हणाली, "तुम्ही 'अक्षर न् अक्षर ऐकलं' म्हणालात, मामा. आई सगळ्यांना सांगायची." मी म्हटले, नेटवर्कचा फार त्रास आहे हल्ली.

दि. १ मार्च
घरी. काही विशेष नाही.

दि. ३ मार्च
सकाळी माळ्यावरून छिन्नी व हातोडा काढून घेतला. हॉलच्या रस्त्याकडील भिंतीवर, माझ्या खुर्चीशेजारी, खडूने चौकोन आखला. वर तुळईसाठी जागा सोडली. मुलगा धावत आला, "बाबा, अहो काय करताय? मी माणूस आणतो." मी सांगितले, माझे काम परका करणार नाही.

गिलावा सुटायला वेळ लागला. मुलाने कबूल केले की असा गिलावा आता होत नाही. आतली जाळी अजून चकचकीत होती. पकडीने एक एक तार तोडावी लागली. दम लागून बसलो तेव्हा समोरचा फरशीवाला ओट्यावरून उठला, रस्ता ओलांडून आला आणि खाली पडलेल्या विटा उचलू लागला. खुराडे वगैरे काही म्हणाला नाही. म्हणाला फक्त, "सरक, मी धरतो."

मी सरकलो.

दि. ४ मार्च, रविवार, अकरा वाजता
मी, वर नमूद केलेला, पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो की, हॉलमधील खिडकी केवळ हवेसाठी पाडली आहे. मोबाइल, टॉवर, नेटवर्क वा कोणाच्याही बोलण्याचा तिच्याशी संबंध नाही. खुर्चीतून रस्ता थेट वळणापर्यंत दिसतो.

फोनवर सर्व काड्या भरल्या आहेत.

अकरा वाजून गेल्यावर फोन वाजला. त्याच नम्र बाई होत्या. आपल्या भागातील नेटवर्क आता अपग्रेड झाले आहे, आवाज स्पष्ट येत असल्यास एक दाबा. एकही शब्द तुटला नाही. मी शेवटपर्यंत ऐकले. एक दाबले नाही. "ऐकू येतंय, आक्का," असे सांगितले आणि तिकडून बंद होईपर्यंत फोन कानाशी धरला.

हे घडले तेव्हा हजर: मुलगा. सूनबाई, जी भाजी निवडायची थांबली. आणि समोरचा फरशीवाला, जो मातीने भरलेले घमेले हातात धरून उभा होता व ज्याने ते बराच वेळ खाली ठेवले नाही.