पळीला लागलेले दाणे

कोल्हापूर, मार्गशीर्ष वद्य एकादशी, संध्याकाळ

यमूचे ओठ अजून सुजलेले आहेत. श्वास मात्र आता नीट चालला आहे.

माझ्या पोरीला शेंगदाणा चालत नाही, हे जाऊबाईंना दहादा सांगितले. तरी दाण्याच्या आमटीतली पळी तशीच तिच्या वरीत घातली! वर म्हणतात, "पळीला लागलंय ते केवढं? तेवढ्यानं कुनी मरतंय व्हय? उपासाचं बाधत न्हाय."

मरायला केवढे लागते? वैद्यकीच्या पुस्तकात अक्षर अक्षर लावून विषांच्या मात्रा वाचल्या. दाण्याची कुठेच नाही. यांनाही दाणा चालत नसे. सासूबाईंनी चिमूटभरच कूट घातला, आणि माझे कुंकू गेले.

तेव्हा मी गप्प बसले. आज ती पळी अंगणात भिरकावली. विधवेने वेगळी चूल मांडली म्हणून लोक बोलतील. बोलोत. उद्या यमूचा भात माझ्या चुलीवर, माझ्या पळीने.